उंचीवरची बाळं लहान का?
'पहाडातल्या आयांची खाण्याची आबाळ होते, म्हणून बाळं कमी वजनाची', हे म्हणणं मला अपुरं वाटतं. बोलिव्हियाचंच घ्या. तिथलं ला पाझ शहर साधारण 3,600 मीटर उंचीवर, सांताक्रूझ शहर जेमतेम 400 वर. ला पाझच्या सधन घरांतली बाळंही सरासरीने सांताक्रूझच्या गरीब घरांतल्या बाळांपेक्षा हलकी भरतात! ढोबळमानाने दर हजार मीटरमागे 100 ग्रॅम घट. विरळ हवेत ऑक्सिजन कमी, शिवाय गरोदरपणी गर्भाशयाकडचा रक्तप्रवाह हवा तेवढा वाढत नाही. त्यात आईला कसला दोष द्यायचा? आणि पिढ्यान्‌पिढ्या उंचीवर राहिलेल्या आयमारा (अँडीज पर्वतातले मूळ रहिवासी) किंवा तिबेटी बायकांची बाळं त्याच उंचीवर नव्याने आलेल्यांच्या बाळांपेक्षा वजनाने चांगली असतात.