एकाच वेळी अनेक होलचा व्यास बदलताना केंद्रे सरकतात

प्रश्न:
ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधील एका बेस प्लेटच्या ड्रॉइंगमध्ये १२ मिमी व्यासाचे दोनशेहून अधिक होल आहेत आणि ते सर्व १४ मिमीचे करायचे आहेत. सर्व वर्तुळे निवडून, प्लेटचा डावा खालचा कोपरा बेस पॉइंट धरून मी स्केल कमांड दिली. व्यास बदलला, परंतु कोपऱ्यापासून ६०० मिमीवर असलेला होल थेट ७०० मिमीवर जाऊन बसला. प्रत्येक होल स्वतंत्रपणे स्केल करण्याखेरीज दुसरा मार्ग आहे का?

उत्तर १:
स्केल कमांड संपूर्ण निवडीसाठी एकच बेस पॉइंट घेते, त्यामुळे व्यासाबरोबर त्या बिंदूपासूनची अंतरेही त्याच प्रमाणात वाढतात. आधी अनडू करा. नंतर क्विक सिलेक्टमध्ये (अटीनुसार वस्तू निवडणारी कमांड) ऑब्जेक्टचा प्रकार वर्तुळ, गुणधर्म व्यास आणि किंमत १२ अशी अट द्या, म्हणजे वेगळ्या मापाचे होल निवडीत येणार नाहीत. त्यानंतर कंट्रोल आणि १ दाबून प्रॉपर्टीज पॅलेट उघडा व व्यासाच्या रकान्यात १४ लिहा. प्रत्येक वर्तुळ आपापल्या केंद्राभोवती मोठे होईल. ज्या रकान्यात ‘व्हेरीज’ असे दिसते, तेथे निवडलेल्या वस्तूंची मूल्ये वेगवेगळी असतात. केंद्राच्या रकान्यांत तसे दिसले तर तेथे काहीही लिहू नका, नाहीतर सर्व होल एकाच रेषेवर येतील.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे, काम झाले. मात्र चार होल निवडीतच आले नाहीत. त्यांपैकी तिघांचा व्यास पॅलेटमध्ये १२.०० असाच दिसतो, तर चौथ्यावर क्लिक केल्यास व्यासाचा रकानाच दिसत नाही.

उत्तर २:
पॅलेट युनिट्सच्या सेटिंगमध्ये ठरवलेल्या दशांश स्थळांपर्यंतच आकडा दाखवते, त्यामुळे दुसरीकडून आयात केलेल्या ड्रॉइंगमधील १२.००००३ हा व्यासही १२.०० असा दिसू शकतो आणि ‘बरोबर’ या अटीतून सुटतो. अशा वेळी क्विक सिलेक्ट दोनदा वापरावे: प्रथम ११.९ पेक्षा मोठी वर्तुळे घ्यावीत आणि मग संपूर्ण ड्रॉइंगऐवजी फक्त चालू निवडीवर १२.१ पेक्षा लहान ही अट लावावी. चौथा होल बहुधा ब्लॉकमध्ये, म्हणजे एकच वस्तू म्हणून जोडलेल्या गटात, असावा. तसे असल्यास त्यावर डबल क्लिक करून ब्लॉक एडिटरमध्ये व्यास बदला. मात्र तो बदल त्या ब्लॉकच्या प्रत्येक प्रतीत होईल.

उत्तर १:
एक गोष्ट सांगायची राहिली. वर्तुळांशी जोडलेली डायमेन्शन (ड्रॉइंगवर लिहिलेली मापे) आपोआप १४ दाखवतील, परंतु कोणी मोजलेल्या आकड्याऐवजी हाताने ‘१२’ लिहिले असल्यास तो मजकूर तसाच राहतो आणि ड्रॉइंग कार्यशाळेत गेल्यावर ड्रिल करणारा तोच आकडा वाचतो. त्यासाठी डायमेन्शन निवडून पॅलेटमधील टेक्स्ट ओव्हरराइडचा रकाना तपासा. सर्वांचे ओव्हरराइड एकदम पुसण्याचा मोह मात्र टाळा, कारण होलची संख्या किंवा टॅपिंगची (होलमध्ये आटे पाडण्याची) सूचना बहुतेकदा त्याच रकान्यात लिहिलेली असते.