मदत हवी आहे: एक्ससीओ शर्यतीत फीड झोन एकट्याने कसा सांभाळावा?

नमस्कार मंडळी,

माझी धाकटी बहीण यंदा पहिल्यांदाच एलिट गटात क्रॉस-कंट्री माउंटन बाईक (एक्ससीओ) शर्यतीत उतरते आहे. ज्युनियर गटात असताना क्लबची माणसं बरोबर असायची. आता फीड झोनमध्ये (शर्यतीच्या वाटेवर बाटल्या आणि मदत देण्यासाठी ठरवलेल्या जागेत) मी एकटाच: बाटल्या मीच द्यायच्या आणि वेळ आलीच तर चाकही मीच बदलायचं. सायकल दुरुस्तीवर माझा हात बसलेला आहे, पण घरी निवांत चाक काढणं वेगळं आणि ती धापा टाकत समोर उभी असताना काढणं वेगळं. तिची मेहनत मी रोज पाहतो, त्यामुळे माझ्या बाजूने काही कमी पडू नये असं फार वाटतं.

नियम वाचून काढलेत. बाटली हातातूनच द्यायची, स्पर्धकासोबत धावायचं नाही, तिच्या अंगावर किंवा सायकलवर पाणी उडवायचं नाही. सुटे भाग बदलता येतात, पण सायकल बदलता येत नाही. इथपर्यंत ठीक आहे.

खरी काळजी ८० टक्क्यांच्या नियमाची आहे. आघाडीच्या स्पर्धकाच्या एका फेरीला लागणाऱ्या वेळाच्या ८० टक्के इतकं तिच्यामागे पडलं की पंच बाहेर काढतात. बहिणीचे रँकिंग गुण कमी, म्हणजे सुरुवात शेवटच्या रांगेतून. पहिल्या सिंगलट्रॅकच्या (एकावेळी एकच सायकल जाईल अशा अरुंद वाटेच्या) तोंडाशी गर्दी होणार, तिथे पाय टेकावे लागणार आणि पुढच्या तोवर निघून गेलेल्या असणार. म्हणून विचारतो:

१. तिला किती मागे आहेस ते सांगावं का? की त्याने खच्चीकरण होईल?
२. बाटली पडू न देता कशी द्यायची?
३. चाकबदलाची तयारी काय ठेवू?

अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहावं.

घाटवळण:
दादा, आधी ८० टक्क्यांचा हिशोब. आघाडीची फेरी १२ मिनिटांची असेल तर मर्यादा ९ मिनिटं ३६ सेकंदांची. शर्यत ८० ते १०० मिनिटांची असते, म्हणजे १२ मिनिटांच्या साधारण सात-आठ फेऱ्या. तेव्हा प्रत्येक फेरीला सव्वा मिनिट गेलं तरी ती जवळजवळ शेवटपर्यंत शर्यतीत राहते. हे गणित तिला आदल्या दिवशी कागदावर मांडून दाखवा. बाहेर काढलं तरी निकालात नाव लागतं, पुढे किती फेऱ्या कमी ते लिहितात, हेही सांगा.

आघाडीची तुमच्यासमोरून गेली की घड्याळ सुरू करा, बहीण आली की आकडा बघा. पण तो आकडा तुमच्यापाशी ठेवा. फीड झोन सपाटीवर किंवा चढावर असतो, तिथे तिच्या छातीचा भाता झालेला असतो, फार तर तीन-चार शब्द कानात शिरतात. ते शब्द पुढच्या स्पर्धकाबद्दल असू द्या: ‘पुढची दहा सेकंदांवर’. मर्यादा अगदी जवळ आली तरच स्पष्ट सांगा.

सिंगलट्रॅकच्या तोंडाशी गर्दी झालीच तर थांबून वाट बघण्यापेक्षा सायकल खांद्यावर टाकून कडेने पळणं अनेकदा फायद्याचं ठरतं. उतरणं, पळणं, परत चढणं याचा सराव करून घ्या. नवख्यांकडून तोच राहून जातो.

तारेचं चाक:
चाकाबद्दल मी लिहिते. जास्तीची चाकं आणाल ती आधी तिच्याच सायकलवर बसवून फिरवा. दोन हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) डिस्क रोटरची (ब्रेकच्या तबकडीची) जागा केसभर इकडेतिकडे असते आणि बदललेलं चाक कॅलिपरला (ब्रेकच्या पकडीला) घासत राहतं. रोटरमागे पातळ शिम (चकती) घालून हे घरीच जुळवा. टायर तोच, सीलंट (टायरमधलं भोक बुजवणारं द्रव) ताजं, हवा त्या दिवशी तिने ठरवलेली. थ्रू अ‍ॅक्सलची (चाक अडकवणाऱ्या दांड्याची) चावी खिशात, पिशवीत नको.

मागचं चाक बदलायचं असेल तर तिने झोनमध्ये शिरतानाच चेन सर्वांत लहान दात्यावर आणायची, नाहीतर कॅसेटशी (मागच्या दातेचक्रांशी) झटापट करण्यातच वेळ जाईल. झोनच्या बाहेर तुम्हाला मदत करता येणार नाही, म्हणून प्लग आणि हवेचं काडतूस तिच्याकडे हवंच. भोक लहान असेल तर तिथेच प्लग मारून निघता येतं.

आणि पंक्चर झालं म्हणजे शर्यत संपली असं तिला वाटू देऊ नका. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या याच प्रकारात ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचं टायर बसलं, टेक झोनमध्ये (दुरुस्तीच्या जागेत) चाक बदलेपर्यंत तो आघाडीपासून अर्ध्या मिनिटाहून जास्त मागे पडला. तिथून भरून काढत शेवटच्या फेरीत त्याने फ्रान्सच्या व्हिक्टर कोरेत्स्कीला मागे टाकलं आणि सुवर्ण जिंकलं. तुमच्या बहिणीची शर्यत वेगळी, पण चाक बदलल्यावर पहिल्याच चढावर सगळं भरून काढायला जायचं नाही, हे तिच्याशी आधी बोलून ठेवा.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. शिमचं मला माहीतच नव्हतं, आज रात्रीच बघतो. बाटलीचं कुणी सांगेल का? आणि पाऊस झाला तर चष्मा देता येतो ना?

घाटवळण:
चष्मा फीड झोनमध्ये बदलता येतो. काड्या उघडून, तिच्याकडे तोंड करून धरा, काचेला बोट लागू देऊ नका. आधीचा ती खाली टाकेल, तो मागून उचला.

बाटली झाकणाजवळ दोन-तीन बोटांनी सैल धरायची, मधला भाग तिच्या हातासाठी मोकळा. हात लांब, कोपर ढिला. तिची मूठ बसली की तुमचा हात तिच्या दिशेनेच थोडा जाऊ द्या, मग झटका बसत नाही. अर्धीच भरा, दर फेरीला नवी मिळणारच आहे. तिने रिकामी झोनमध्येच टाकायची. झोनच्या सुरुवातीला उभे राहा: पहिली हुकली तर पुढे दुसरी देणारं कुणीतरी हवं, त्यासाठी एखाद्या संघाच्या माणसाला आदल्या दिवशी विचारून बघा. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात.