घानाच्या राष्ट्राध्यक्षाला नक्की किती पॉवर असते?

नवशिका_वाचक
मंडळी, बेसिक प्रश्न आहे, हसू नका. सध्या पश्चिम आफ्रिकेचं राजकारण वाचायचं खूळ डोक्यात शिरलंय आणि घानावर येऊन अडकलोय. तिथे पंतप्रधान नाही, म्हणजे देशाचा प्रमुखही राष्ट्राध्यक्ष आणि सरकारचा प्रमुखही तोच, सैन्याचा सरसेनापतीपण तोच, इथपर्यंत कळलं. पण मग मंत्री खासदारांमधूनच घेतात असंही वाचलं, म्हणजे धड अमेरिकन पद्धत नाही न धड ब्रिटिश, ही खिचडी कशाला? आणि दुसरं म्हणजे जॉन महामा 2012 ते 2017 होतेच की, आता 2024 ला परत निवडून आले, मग ही तिसरी टर्म झाली ना? दोनच टर्म चालतात म्हणतात ना तिथे?

टेमा_रिटर्न
मी चार वर्षं घानातल्या टेमा या बंदराच्या शहरात नोकरीला होतो त्यामुळे थोडंफार सांगू शकतो. आधी सोपं. 24 जुलै 2012 ला राष्ट्राध्यक्ष जॉन अटा मिल्स पदावर असतानाच वारले आणि त्याच दिवशी उपराष्ट्राध्यक्ष महामांना शपथ दिली. तो उरलेला काळ होता जेमतेम साडेपाच महिने. घटनेत असं आहे की उरलेला काळ अर्ध्या टर्मपेक्षा जास्त असेल तरच तो मोजायचा, नाहीतर नाही. त्यामुळे 2013 ते 17 पहिली टर्म, मधली दोन इलेक्शन्स (2016 आणि 2020) हरले, आणि 7 जानेवारी 2025 ला घेतलेली शपथ ही दुसऱ्या आणि शेवटच्या टर्मची. एक टर्म चार वर्षांची.

आता खिचडी. ती मुद्दाम शिजवलीय. 1960 ला प्रजासत्ताक झाल्यावर पहिले राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांच्या हातात सगळं एकवटलं, 1964 च्या सार्वमताने तर देश एकपक्षीयच झाला. 1966 ला लष्करी बंड. मग 1969 च्या घटनेत नेमकं उलटं केलं, पंतप्रधान खरा आणि राष्ट्राध्यक्ष शोभेचा (ते होते एडवर्ड अकुफो-अड्डो, नंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या नाना अकुफो-अड्डोंचे वडील). तेही टिकलं नाही, 72 ला परत बंड. 1979 ला सरळ अमेरिकन मॉडेल आणलं, मंत्री संसदेबाहेरचे. झालं काय, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लिमान यांचं 1981 चं बजेट त्यांच्याच पक्षाचं बहुमत असलेल्या संसदेने नापास केलं, आणि त्याच वर्षी 31 डिसेंबरला लष्करातल्या रॉलिंग्जनी बंड करून गाडा उलटवला. म्हणून 1992 ची घटना लिहिताना कलम 78 घातलं, की बहुसंख्य मंत्री खासदारांतूनच घ्यायचे आणि मंत्री झाल्यावर खासदारकी सोडायची गरज नाही. सरकार आणि संसद एकमेकांना धरून राहावेत एवढाच हेतू.

कलमबहाद्दर
हेतू चांगला असेल हो पण परिणाम बघा ना. ज्या खासदाराला उद्या मंत्री व्हायचंय तो आज सरकारला कशाला नडेल? वर संसदेच्या मंजुरीने मंत्री नेमायचे पण एकूण किती याला वरची मर्यादाच नाही, कॅबिनेटपुरती 10 ते 19 आहे तेवढी. 2017 ला अकुफो-अड्डोंनी राज्यमंत्री धरून 110 जण केले होते!! महामांनी 60 च्या वर जाणार नाही असं प्रचारात सांगितलं ते त्या पार्श्वभूमीवर.

माझ्या मते तिथल्या राष्ट्राध्यक्षाची खरी ताकद सैन्यात किंवा सहीत नाहीये, नेमणुकांत आहे. प्रत्येक जिल्ह्याचा प्रमुख, ज्याला लोक डीसीई म्हणतात, तो निवडून येत नाही, राष्ट्राध्यक्ष नेमतो (जिल्हा सभेच्या दोन तृतीयांश मतांनी पक्का करायचा), आणि त्या सभेतले 30 टक्के सदस्यही त्याच्याच बाजूने नेमलेले. 2019 मध्ये डीसीईची थेट निवडणूक घ्यायचं घाटत होतं, सार्वमताची तारीखही ठरली होती, शेवटी सगळं गुंडाळलं.

टेमा_रिटर्न
@कलमबहाद्दर डीसीईचं शंभर टक्के मान्य. पण संसद अगदीच नंदीबैल आहे हे पटत नाही. 2020 च्या इलेक्शननंतर दोन्ही पक्ष 137-137 आणि एक अपक्ष, शिवाय स्पीकर विरोधी पक्षाचा! नोव्हेंबर 2021 मध्ये बजेट आधी फेटाळलं, चार दिवसांनी सत्ताधाऱ्यांनी एकट्याने बसून तो निर्णय फिरवला, पीठावर बसलेल्या डेप्युटी स्पीकरला मोजायचं की नाही यावर भांडण सुप्रीम कोर्टात गेलं. सगळा तमाशा मुख्यतः ई-लेव्हीसाठी, म्हणजे मोबाईलवरून पैसे पाठवण्यावरच्या करासाठी. शेवटी 1.5 टक्क्याने ती लागली आणि 2025 ला रद्दही झाली.

नवशिका_वाचक
वा, हे भारी आहे. मग संसदेने पास केलेलं बिल राष्ट्राध्यक्ष अडवू शकतो का? आणि कोर्टावर किती हात चालतो?

कलमबहाद्दर
अडवू शकतो, पण संसदेने दोन तृतीयांशाने परत पास केलं तर 30 दिवसांत सही करावीच लागते, असं कागदावर तरी आहे. 2023 ला कोणावर चेटकीण असल्याचा आरोप करणं गुन्हा ठरवणारं बिल अकुफो-अड्डोंनी सही न करता परत पाठवलं, कारण दिलं की याने सरकारी तिजोरीवर भार पडतो आणि तसं बिल खाजगी सदस्याला (म्हणजे सरकारतर्फे न बोलणाऱ्या खासदाराला) आणता येत नाही, कलम 108. आता प्रत्येक कायद्याने तिजोरीवर थोडा तरी भार पडतोच की, तुरुंगात टाकलेल्या माणसाला जेवण कोण देतं? मला ती पळवाट वाटली.

कोर्टाचं म्हणाल तर 1963 ला देशद्रोहाच्या खटल्यातले आरोपी सुटले म्हणून एन्क्रुमांनी सरन्यायाधीश कोर्सांना सरळ काढून टाकलं होतं. आता तसं मनात आलं आणि काढलं असं नाही, कलम 146 प्रमाणे समिती नेमून चौकशी लागते आणि समिती म्हणेल तसंच करावं लागतं. 2025 मध्ये सरन्यायाधीश टोर्कोर्नू यांना त्याच मार्गाने काढलं. अर्थात त्यात राजकारण किती यावर तिथे दोन तट आहेतच.

टेमा_रिटर्न
एक गंमत राहिली. राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष दोघंही परदेशात असले की स्पीकर हंगामी राष्ट्राध्यक्ष होतो, आणि त्याला शपथ घ्यावी लागते. 2014 ला स्पीकर डो अजाहो म्हणाले मी मागे एकदा घेतलीय, परत नाही घेणार. गेलं ना प्रकरण सुप्रीम कोर्टात! कोर्ट म्हणालं, जितक्या वेळा खुर्चीत बसाल तितक्या वेळा शपथ घ्यायची.

नवशिका_वाचक
😂 म्हणजे विमान उडालं की शपथ. थँक्यू दोघांनाही, आता 1981 चं ते बजेट शोधतो, स्वतःच्याच पक्षाने पाडलं म्हणजे आत काहीतरी शिजत असणार.