न्यू जर्सी ते ऑर्लँडो: सहा जण, एक व्हॅन. गाडीने जावं की विमानाने?

तिखटमीठ
मंडळी, आमच्या घरात सध्या जेवणाच्या टेबलावर दुसरा विषयच नाहीये म्हणून इथे टाकतेय. डिसेंबरच्या सुट्टीत डिस्ने वर्ल्ड नक्की झालंय. राहतो एडिसनला. जाणार सहा जण: आम्ही दोघं, मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ४ ची आणि साताऱ्याहून आलेले सासू-सासरे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, सासऱ्यांना शुगर आहे. नवरा म्हणतो आठ सीटची व्हॅन दारात उभी आहे, आय-९५ हायवे धरायचा आणि सरळ खाली सुटायचं, साधारण साडेदहाशे मैल, सोळा तास, आणि तेही रात्रभर गाडी मारून, म्हणजे मुलं झोपतील आणि एक दिवस वाचेल. मी म्हणते नेवार्कहून विमान धरा, तीन तासात ऑर्लँडो, संध्याकाळी हॉटेलच्या पूलमध्ये पाय सोडून बसू. त्यावर तो लॅपटॉप फिरवून एक्सेल दाखवतो. त्या एक्सेलने माझं डोकं उठलंय.
भांडा मनसोक्त, पण कारण देऊन भांडा.

बाराचाकी
नवऱ्याच्या बाजूने एक मत. (रात्रीच्या ड्रायव्हिंगच्या नाही, त्यावर खाली येतो.) जाऊन-येऊन एकवीसशे मैल, व्हॅन गॅलनला पंचवीस देते धरा, म्हणजे ८४-८५ गॅलन, तीन-सव्वातीन डॉलरच्या भावाने पावणेतीनशे डॉलरचं पेट्रोल. जाताना एक मुक्काम येताना एक मुक्काम, दोन दोन खोल्या, साधी मोटेल, पाचशेच्या आसपास. टोल आणि खाणं धरून हजारात बसतं. नाताळच्या आठवड्यात विमानाची सहा तिकिटं माणशी चारशेने जरी मिळाली तरी चोवीसशे, वर बॅगांचे पैसे, वर तिकडे भाड्याची मिनीव्हॅन, आणि त्या आठवड्यात ती मिळणं हीच एक लॉटरी. मुलीची कार सीट, औषधं, म्हाताऱ्या माणसांच्या उशा, कुकर (हो, कुकर), सगळं आपल्या गाडीत आपल्या मर्जीने. टोलचं म्हणाल तर जर्सी टर्नपाइक, डेलावेअरचा पूल, मेरीलँड, बाल्टिमोरचा बोगदा एवढं संपलं की व्हर्जिनियापासून खाली आय-९५ फुकट, एक्सप्रेस लेनमध्ये शिरला नाहीत तर. आपला ई-झेडपास (टोलचा टॅग) फ्लोरिडातही चालतो.

भटकभवानी
बाराचाकी, हिशोब छान आहे, पण एक रकाना गाळलात. सुट्टीचा. मुक्काम करून जायचं म्हणजे जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. इथे बऱ्याच जणांना वर्षाची सुट्टी मिळते ती दहा-पंधरा दिवस, त्यातले चार दिवस डांबरी रस्ता बघण्यात घालवायचे का? आणि गंमत म्हणजे ही सुट्टी नेहमी बाईचीच जास्त जाते, कारण परत आल्यावर गाडीतले चिप्सचे चुरे, ओले टॉवेल आणि दोन सुटकेस धुणं हे काम एक्सेलमध्ये कोणाच्या नावावर टाकलंय ते विचारा एकदा. चार वर्षांची पोर सोळा तास झोपणार नाहीये. ती चेरी हिलला पोचेपर्यंत "आलं का" विचारायला लागेल.

रारिटनकाठ
मी ना विमानवाला ना गाडीवाला, पण रात्रभर गाडी मारायचा बेत मात्र आजच रद्द करा, नवऱ्याला सांगा इथल्या सगळ्यांनी हात जोडलेत. दिवसभर ऑफिस करून रात्री आठला निघालेला माणूस पहाटे चारला नॉर्थ कॅरोलायनात असतो, दोन्ही बाजूंना पाइनची झाडं आणि समोर एकसारखा सरळ रस्ता, तिथे डोळा लागायला काही लागत नाही. मागे पाच जणं झोपलेली, बोलायला कोणी नाही.

दुसरं, व्हर्जिनिया. हे राज्य हलक्यात घेऊ नका. तिथे ताशी ८५ मैलांच्या वर गेलात, किंवा लिमिटच्या २० मैल वर गेलात, तर साधं तिकीट नाही, रेकलेस ड्रायव्हिंग लागतं, आणि तो तिथे फौजदारी गुन्हा आहे, वर्षभरापर्यंत कैद आणि अडीच हजार डॉलरपर्यंत दंड असा कायदा. ६५ च्या पट्ट्यात ८५ म्हणजे झालंच. रडार डिटेक्टर लावून जाणं तिथे बेकायदा आहे. आपल्यातले निम्मे लोक एच-१ व्हिसावर, पुढच्या स्टॅम्पिंगच्या फॉर्मवर त्या प्रकरणाची उत्तरं देत बसायची हौस कोणाला आहे? क्रूझ कंट्रोल लावा आणि गप जा.

तिसरं, परतीचा दिवस. ३-४ जानेवारी २०२२ आठवतंय का? फ्रेडरिक्सबर्गजवळ बर्फात आय-९५ ठप्प झाला, लोक चोवीस तासांच्या वर गाडीत अडकून होते, व्हर्जिनियाचे सिनेटर टिम केन पण त्यातच, २७ तास. शुगरवाला माणूस गाडीत असेल तर हे मनात धरूनच निघायचं. खाणं, पाणी, ब्लँकेट, औषधं डिकीत नाही, हाताशी. आणि टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही.

उंटावरचा_शहाणा
दोघंही कशाला भांडताय, मधला रस्ता आहे ना. ऑटो ट्रेन. इथल्या रेल्वे कंपनीची, अ‍ॅमट्रॅकची. वॉशिंग्टनच्या खाली लॉर्टन म्हणून गाव आहे, तिथे आपली गाडी आगगाडीत चढवायची, आपण डब्यात बसायचं, संध्याकाळी पाचला सुटते, दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लोरिडात सॅनफर्डला. ८५५ मैल आपण स्टिअरिंगला हात न लावता. सॅनफर्डहून डिस्ने चाळीस मैल. आजी-आजोबांना डब्यात उठून फिरता येतं, पाय आखडत नाहीत, मुलं खुश. आपल्या पिढीला रात्रीच्या गाडीची सवयच आहे, महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये झोपून मुंबई गाठलेली माणसं आपण.

भटकभवानी
शहाणे, उंटावरून जरा खाली या. एडिसन ते लॉर्टन सव्वादोनशे मैल, त्यात बाल्टिमोर आणि वॉशिंग्टनचा ट्रॅफिक, आणि गाडी दुपारी तीनच्या आत जमा करावी लागते, नंतर घेत नाहीत. म्हणजे सकाळी आठला घरातून निघायचं, सहा जणांनी, ज्यात एक चार वर्षांची आणि एक आंघोळ-पूजा झाल्याशिवाय पाऊल न टाकणाऱ्या सासूबाई असू शकतात. चुकली की चुकली. रात्री गाडीतलं काही लागलं तर मिळत नाही, ती मागे बंद. खोली घेतलीत तर दर बघून विमान स्वस्त वाटेल, आणि साध्या खुर्चीत रात्रभर बसवलंत तर गुडघ्यांचं काय ते सकाळी सॅनफर्डला कळेल.
महालक्ष्मीला निदान आडवं व्हायला बर्थ होता हो.

मनीमाऊ
मला मुळातच वेगळं म्हणायचंय. गाडी की विमान हा प्रश्न नंतरचा. नाताळ ते न्यू इयर हा डिस्नेचा सगळ्यात गर्दीचा आठवडा आणि तिकिटाचा दर तारखेप्रमाणे बदलतो, तिथल्या मॅजिक किंगडम पार्कचं एका दिवसाचं तिकीट त्या दिवसांत दोनशे डॉलरच्या घरात जातं. तीन वर्षांखालच्यांना फुकट, तीन ते नऊला जरासं कमी, दहा पूर्ण झाली की मोठ्यांचा दर. म्हणजे तुमच्याकडे फुकटात कोणीच नाही. रांग टाळायची तर लाइटनिंग लेनचे वेगळे पैसे. आणि एवढं करून मुलगी चार वर्षांची, स्पेस माउंटन राइडला ४४ इंच उंची लागते, मोजा तिला दारात उभं करून आजच. स्लिंकी डॉगला ३८ चालतं, डम्बो आणि पीटर पॅनला उंचीची अटच नाही.

सासूबाई दिवसभर किती चालणार? एपकॉट पार्कमध्ये नुसतं तळ्याभोवतीच्या अकरा देशांच्या देखाव्यांना चक्कर मारली तरी मैलाच्या वर चाल होते. पार्कच्या दारात व्हीलचेअर भाड्याने मिळते, पण जो आधी येईल त्याला, आणि तुम्ही आधी येणार नाही आहात.
मी म्हणते फेब्रुवारीत जा, मुलाची शाळा दोन-चार दिवस बुडली तर आभाळ कोसळत नाही.

तिखटमीठ
@मनीमाऊ, सासू-सासऱ्यांचं परतीचं तिकीट जानेवारीच्या मध्याचं आहे. फेब्रुवारी बाद. मुलगी ४० इंच भरली, आत्ताच मोजली, टाचा उचलून ४१.

कंदील
मी नर्स आहे म्हणून तेवढ्यापुरतंच बोलते. वय झालेल्यांना सलग चार-पाच तास बसवून ठेवू नका, विमान असो नाहीतर गाडी, पायात रक्ताची गाठ व्हायचा धोका दोन्हीकडे. गाडीत एक फायदा, दर दोन तासांनी उतरवता येतं. पण घरोघरी प्रकार काय होतो माहितीये, ड्रायव्हर म्हणतो अजून चाळीस मैल काढू, आणि मागे बसलेली आई "मला तहान लागलीच नाही" म्हणत पाणीच पीत नाही. उतरायला नको, मुलाचा खोळंबा नको म्हणून. साताऱ्याच्या सासूबाई हे शंभर टक्के करणार. त्यांना न विचारता गाडी थांबवा. आणि व्हिजिटर इन्शुरन्सचे कागद, पासपोर्ट बॅगेच्या तळाशी नको.

बाराचाकी
कंदील यांचं पटलं. म्हणून मी मुक्कामाचाच धरून चाललोय. सकाळी सहाला निघा, शनिवारी नको, वॉशिंग्टन दहा-साडेदहाच्या आत मागे टाका, रात्री नॉर्थ कॅरोलायनातल्या फेएटव्हिलला मुक्काम, तिथे बरोबर अर्धं अंतर होतं. मोटेलवाला पटेल असण्याची शक्यता भरपूर, विचारलं तर दही पण मिळून जातं. दुसऱ्या दिवशी साउथ कॅरोलायनाच्या हद्दीवर साउथ ऑफ द बॉर्डर हा थांबा लागतो, त्याच्या पाट्या कित्येक मैल आधीपासून सुरू होतात, मुलाला पाट्या मोजायला लावा, तेवढी शांतता.

पण मला सांगायचंय ते पुढचं. सासरे साताऱ्याचे म्हणालात ना? अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आयुष्य गेलेला माणूस. त्यांना मिकीचं काय घेऊन बसलात. फ्लोरिडात शिरल्यावर ऑर्लँडोच्या शंभर मैल अलीकडे सेंट ऑगस्टिन लागतं, स्पॅनिश लोकांनी १५६५ ला वसवलेलं. तिथे समुद्राला लागून कास्तियो दे सान मार्कोस हा किल्ला आहे. बांधायला घेतला १६७२ ला, म्हणजे राज्याभिषेकाच्या दोन वर्षं आधी. पुरा व्हायला १६९५ उजाडलं. दगड कसला, तर शिंपल्यांचा, समुद्रातल्या बारीक शिंपल्या एकमेकींना चिकटून झालेला, हात फिरवला की कडा बोटाला लागतात. तो ठिसूळ म्हणूनच कामाला आला, तोफेचा गोळा आदळला की भिंत फुटायच्या ऐवजी गोळा आत रुतायचा. चारही कोपऱ्यांना बुरूज, भोवती खंदक. आमचे वडील तिथे तटावर उभे राहून चर्या कुठे, तोफा कुठल्या टप्प्याच्या, जंजिऱ्याच्या मानाने कसा, असं तासभर बोलत होते, आणि पुढे पार्कमध्ये त्यांनी बाकावर बसून बॅगा सांभाळल्या. विमानाने गेलात तर हा किल्ला तीस हजार फूट खाली राहतो.

भटकभवानी
किल्ला मस्तच असणार, वाद नाही. पण ऑर्लँडोला उतरून एका दिवसाची गाडी घेऊन पण सेंट ऑगस्टिन होतं, दोन तास जेमतेम. त्यासाठी साउथ कॅरोलायना बघायची सक्ती कशाला?
आणि सगळे सासरे, सासरे चाललंय. सासूबाईंना काय बघायचंय हे अजून एकानेही विचारलं नाही.

रारिटनकाठ
+१. आणि हो, ॲनिमल किंगडममध्ये महाराजा जंगल ट्रेक आहे, पडक्या राजवाड्याचा देखावा करून आत वाघ ठेवलेत. आमची आत्या दोन मिनिटं बघून म्हणाली, "एवढ्या लांब येऊन हेच दाखवायचं होतं?" सफारीच्या गाडीत मात्र बसून बसून फिरता येतं आणि उंचीची अट नाही, ते आजीला आणि नातीला एकत्र जमेल.

उंटावरचा_शहाणा
माझ्या ऑटो ट्रेनला कोणी वाली नाही वाटतं.

तिखटमीठ
आहे ना. सासूबाई.
काल रात्री सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. सासरे किल्ल्याच्या नावाने उठून बसले आणि लगेच नकाशा मागितला. सासूबाईंना विचारलं तर आधी "तुमचं ठरेल तसं", मग दहा मिनिटांनी भांडी आवरता आवरता म्हणाल्या, इथे आल्यापासून आगगाडीत बसले नाही गं. नवरा दर बघून थोडा वेळ काही बोलला नाही.
तर ठरलंय ते असं: जाताना गाडीनेच, फेएटव्हिलला मुक्काम, दुसऱ्या दिवशी सेंट ऑगस्टिन, किल्ला बंद व्हायच्या आत पोचलो नाही तर तिथेच राहायचं, म्हणजे पार्कचा एक दिवस कमी. येताना सॅनफर्डहून ऑटो ट्रेन, एक खोली सासू-सासऱ्यांना, आम्ही चौघं खुर्च्यांत. पार्कचं खाणं घरून नेणार, काच आणि दारू सोडून बाकी नेता येतं म्हणे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. रात्रीचं ड्रायव्हिंग रद्द. त्याने ते फार मनाला लावून घेतलंय.

भटकभवानी
म्हणजे पैसे विमानाइतके आणि दिवस गाडीइतके. वा. दोन्हीकडचं वाईट तेवढं निवडलंत.

बाराचाकी
परतीला जानेवारीत व्हर्जिनियाचा आय-९५ बऱ्यापैकी टळला हे बघा की. लॉर्टनच्या वरचं तेवढं राहिलं.

मनीमाऊ
त्या आठवड्यात ऑटो ट्रेनच्या खोल्या शिल्लक आहेत का ते आधी बघा, मग आम्हाला कळवा. आणि घडीची व्हीलचेअर आमच्या गॅरेजमध्ये पडून आहे, मेटुचनला, मेसेज करा, घेऊन जा.

तिखटमीठ
केला मेसेज. खोली एकच दाखवतंय, नवरा कार्ड घेऊन बसलाय. व्हीलचेअर घडी केल्यावर किती रुंद होते? तिसरी रांग उघडी ठेवली की मागे फारच थोडी जागा उरते, आणि तिथे आधीच कुकर आहे.