'बर्डी' निघतच नाही तोंडातून

अजनीचा_पोट्टा:
अकरावीत आहे. बोलताना अडखळतो. 'ब' आला की ओठ चिकटूनच बसतात. परवा मेट्रोच्या खिडकीवर 'बर्डी' निघेना, 'सीताबर्डी' म्हणावं तर 'स'ही अडकला, मागे रांग. शेवटी 'झिरो माईल' सांगून टाकलं. एक स्टेशन पुढे उतरलो अन् क्लासपर्यंत पायी परत. ठेल्यावर 'तर्री मारके' म्हणता येत नाही म्हणून पोहे फिकेच खातो (नागपुरात राहून!). मित्रांना वाटते मला तिखट चालत नाही. आजी वेखंड उगाळून चाटवते. गाणं म्हणताना मात्र अडकत नाही, तर सर म्हणतात, नाटक करून राहिला. पुढच्या आठवड्यात इंग्रजीची २० मार्कांची तोंडी. सुरुवातच नाव सांगण्यापासून. 'बर्डी'चं 'झिरो माईल' केलं, नावाचं काय करू?

मानेवाडा_एक्स्प्रेस:
मेट्रोचं ॲप घे ना बे. बोलायचं कामच नाही.

अजनीचा_पोट्टा:
ॲप आहे भाऊ, त्या दिवशी फोन बंद पडला होता. पोह्यांचं कुठून आणू?

इतवारी_साडीवाला:
बेटा, ५२ वर्षांचा आहे, अजूनही अडकतो. गाताना, सगळ्यांसोबत प्रार्थना म्हणताना बहुतेकांचं अडखळणं थांबते. सरांना सांग. मीही शब्द बदलायचो. 'पैठणी' अडकायची म्हणून मागणाऱ्या बाईसमोर नऊवाऱ्यांचा ढीग टाकायचो. धंदा गेला तो गेला, 'प'ची धास्ती दुप्पट झाली. आता रोज एका तरी गिऱ्हाइकापुढे मुद्दाम अडकतो, प-प-पैठणी, सैल ओठांनी. लपवायचं काही उरलं नाही, म्हणून छातीतली धडधड कमी आहे.

धरमपेठची_ताई:
मी स्पीच थेरपिस्ट. शंभरात साधारण एकाला हे असते, मुलग्यांत जास्त. वेखंडानं जात नाही, पण आजीशी भांडू नकोस. 'ब', 'प'ला ओठ दाबू नको, नुसते टेकव. तोंडी घेणाऱ्या मॅडमना आधीच भेट. बोलवत नसेल तर चिठ्ठी दे, 'मी अडखळतो, थोडा वेळ लागेल' एवढंच लिही. नावावर अडकलास तर अडक, दुसरं काही शोधत बसू नको. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात कान-नाक-घसा विभागातही विचारून ये.

अजनीचा_पोट्टा:
चिठ्ठी दिली. मॅडम 'बरं' म्हणाल्या, बस. तोंडी सोमवारी आहे.
आज ठेल्यावर त-त-त-तर्री झालं. दोन पोट्टे हसले. ठेलेवाल्यानं न बोलता दोन पळ्या ओतल्या. काका, सवय मोडली होती, नाक वाहून राहिलं अजून.