ब्राउझरमध्ये सगळं होतं म्हणे! मग आम्ही दुकानं उघडून काय करतोय?

गणपती_पेठ_डीटीपी
काल इथं एकाने लिहिलं, "आजही जो टॅली, पेजमेकर, एक्सेल घेऊन बसलाय तो कामाला नाही, सवयीला चिकटलाय. कॉम्प्युटरवर क्रोम सोडून काही टाकायची गरजच नाही." वर लाइकचा पाऊस.

काय राव! लग्नसराईत पत्रिकेचं दुकान बघितलंय का कधी? तीन मामा खुर्चीमागं उभे, 'माझं नाव दुसऱ्या ओळीत का' म्हणून. त्यात लाइट जाते. लाइट आली की नेट जातं. माझं पान जुळवायचं पेजमेकर ७ मात्र इन्व्हर्टरवर चालूच असतं. अडोबीने २००१ नंतर त्याची नवी मोठी आवृत्ती काढली नाही, हे मलाही ठाऊक आहे. म्हणूनच आवडतं. सकाळी येऊन बघावं तर मेनू कालच्याच जागी.

दुसरं, फोटो बघायचं-लहान करायचं इरफानव्ह्यू. १९९६ पासूनचं, एका माणसानं लिहिलेलं. घरी फुकट, दुकानाला लायसन लागतं आणि ते मी घेतलंय, आधीच सांगून ठेवतो. भरतीचे फॉर्म सुटले की पोरं फोनमधला चार एमबीचा फोटो घेऊन येतात, साइटला हवा पन्नास केबीच्या आत. सेव्ह करताना आकडा टाकला की झालं. कुठल्या तरी फुकट साइटवर पोरांची आधार कार्डं मी चढवणार नाही. बाकी व्हिडिओला व्हीएलसी, फाइली दाबायला सेव्हन-झिप, लिहायला नोटपॅड. या बघू आता.

कुपवाडचा_पुण्यात
ती पोस्ट माझीच. दादा, तुम्ही पत्रिकेचं सांगताय, मी घरातलं सांगतो. आमची ऊसतोड वाहतूक आहे. आधी हिशोब एक्सेलमध्ये, फाइलचं नाव 'हिशोब फायनल नवा २'. ती एका पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्ह वडलांच्या खिशात. आता भाऊ कारखान्याच्या काट्यावर उभ्या उभ्या खेपेचं वजन गूगल शीट्समध्ये टाकतो आणि मी पुण्यात बघतो. टोळीच्या उचलीवरून भांडण नाही की काही नाही. आणि नेट गेलं तरी चालतं, ऑफलाइन आधी सुरू करून ठेवावं लागतं एवढंच.

यार्डातला_दिवाणजी
'आधी सुरू करून ठेवावं लागतं'. मग ठेवा की!

हळदीचा सौदा निघाला की शेतकरी पट्टीसाठी समोर उभा असतो. आडत, हमाली, तोलाई वजा करून आकडा तिथल्या तिथं पाहिजे. टॅलीत, म्हणजे आमच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरात, एफ फाइव्ह पेमेंट, एफ सिक्स रिसीट, एफ एट विक्री, एफ नाइन खरेदी. बोटं आपोआप जातात, डोळे शेतकऱ्याकडं. पोरानं मला एक ब्राउझरवालं बिलिंग बसवून दिलं होतं, नाव घेत नाही. एक एंट्री करायला चार ठिकाणी माऊस. गिऱ्हाईक म्हणालं, अण्णा, वहीच काढा.

विश्रामबाग_ऑडिट
दिवाणजी, जुनी टॅली एवढी लाडकी का, ते मी सांगू? मागल्या तारखेची एंट्री गुपचूप बदलता येते. एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना ऑडिट ट्रेल, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद, ठेवणारंच सॉफ्टवेअर सक्तीचं झालं, ते उगाच नाही.

यार्डातला_दिवाणजी
आडत दुकान कंपनी आहे का हो? आणि मी गुपचूप काय बदललं ते चारचौघांत सांगा, नाहीतर शब्द मागं घ्या.

विश्रामबाग_ऑडिट
तुमच्याबद्दल म्हणालो नाही. मागं घेतो. पण जुन्या आवृत्तीबद्दलचं घेत नाही.

मिरजेच्या_बाई
तुमचं टॅली-शीट्स चालू द्या. मला पेजमेकरवाल्यांचा हिशोब चुकता करायचाय.

आमच्या शाळेच्या जुन्या स्मरणिकांच्या फाइली मिळाल्या. उघडल्या तर इंग्रजी अक्षरांची भेळ! कारण ते मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेला फॉन्ट होता. फॉन्ट हरवला, मजकूर गेला. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे. एवढी वर्षं तुम्ही काय करत होतात? त्या फाइलीत एका माजी विद्यार्थ्याचं नावसुद्धा शोधून सापडत नाही. नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या सांगलीचे जुने कार्यक्रम, मानपत्रं, आठवणी, सगळं असंच पडलेलं असणार.

गणपती_पेठ_डीटीपी
बाई, शाळा काय म्हणायची माहितीये? 'परवा प्रकाशन आहे, छापून द्या.' फाइल कुणी मागितली? छापील प्रत आहे ना कपाटात?

मिरजेच्या_बाई
कपाट २०१९ च्या पुरात गेलं.

गणपती_पेठ_डीटीपी
बरं. ते नव्हतं माहीत.

तरी युनिकोडचं कौतुक मला सांगू नका. पेजमेकर ते घेतच नाही. अडोबीच्याच नव्या इनडिझाइनला दर महिन्याचं भाडं. आणि तुमच्या त्या युनिकोड फॉन्टात ल आणि श हिंदी वळणाचे येतात. पत्रिकेत 'शुभविवाह'चा श तसा आला तर वधूपिता पैसे देईल का?

तासगावची_कळ
काका, हे मात्र शिळं झालं. मुक्ता घ्या, बालू घ्या, फुकट आहेत. मजकुराची भाषा मराठी निवडली की मराठी वळणाचे ल-श देणारे फॉन्ट आता आहेत. आणि इनडिझाइन परवडत नसेल तर स्क्रायबस आहे, युनिकोड घेतं, भाडं नाही.

कुपवाडचा_पुण्यात
पुराचा विषय निघालाच आहे तर, क्लाउडवर असतं तर स्मरणिका वाचली असती, एवढंच म्हणतो.

मिरजेच्या_बाई
नसती वाचली. भेळ ढगात ठेवली तरी भेळच.

कुपवाडचा_पुण्यात
बरोबर आहे बाई, हरलो. खूश?

पेंग्विन_सांगलीकर
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सगळ्यांनी विंडोजऐवजी लिनक्स मिंट आणि एक्सेल-वर्डऐवजी लिब्रेऑफिस टाका, भांडण मिटेल.

यार्डातला_दिवाणजी
आले! कुणाच्या बारशाचा धागा असला तरी हे मिंट घेऊन येणार. त्यावर टॅली चालते का, सरळ सांगा.

पेंग्विन_सांगलीकर
विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणारा 'वाइन' प्रोग्राम आहे, त्यातून खटपट केली तर…

यार्डातला_दिवाणजी
बसा खाली.

गणपती_पेठ_डीटीपी
बाई, स्मरणिका कुणी केली होती? आतल्या पानावर मुद्रकाचं नाव असेल, फॉन्ट त्याच्याकडं मिळेल. जुन्या फॉन्टातून युनिकोड करणारे कन्व्हर्टर आहेत, मी पंचायतीच्या कामाला वापरतो. जोडाक्षरं फुटतात, ऱ्या हमखास बिघडतो, हातानं तपासावं लागेल. पानाप्रमाणं पैसे घेईन, शाळा आहे म्हणून फुकट नाही.

मिरजेच्या_बाई
म्हणजे युनिकोड वापरता! आणि इथं सकाळपासून…

गणपती_पेठ_डीटीपी
गिऱ्हाईक मागेल ते देतो. मूळ फाइल पाठवा. फोटो काढून पाठवू नका, आणि फॉन्ट सापडला तर तोही जोडा.