एका झटक्यात दारू सोडण्याबद्दल

दारू सोडण्यावरच्या या चर्चेत दोघातिघांनी लिहिलंय की मनाचा हिय्या केला की दारू एका दिवसात सुटते, गोळ्या-दवाखाना ही श्रीमंतांची थेरं. निग्रह लागतोच, पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं, हे कुणीच म्हणालं नाही. आमच्या धाकट्या काकांनी गणपतीत शपथ घेतली आणि खरंच थेंबाला शिवले नाहीत. दुसऱ्या दिवशी हात इतके थरथरायला लागले की चहा बशीतही टिकेना. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. चादरीवरून काहीतरी वेचून आजीच्या हातात द्यायचे, "धर, धर." आजीनं अंगारा लावला, शेजाऱ्यांनी 'बाहेरचं आहे' म्हणून एक पत्ताही दिला. काकूनं मात्र हट्टानं रिक्षा बोलावली.

डॉक्टर म्हणाले, शेवटच्या घोटानंतर साधारण दोन ते चार दिवसांत असा भ्रम होऊ शकतो, फिट तर त्याआधीही येते. दारूला सरावलेला मेंदू ती अचानक थांबली की उधळतो. मेंदू शांत करणारं औषध देऊन ते रोज थोडं थोडं कमी करत नेलं, सोबत ब१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. आठवड्यात माणूस ताळ्यावर. नातेवाइकांना आम्ही 'कावीळ' सांगितलं होतं. तीच नडली! पुढच्या तपासणीला चला म्हटलं की काका म्हणायचे, कावीळ बरी झाली ना आता? दिवाळीत पुन्हा सुरू. दुसऱ्या खेपेला काकूनं सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकलं.